दाणे भाजले की बुरशी मरते, विषाचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पावसाळ्यात धान्य कसं साठवायचं यावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बहुतेकांना एकच भीती आहे, जे डोळ्याला दिसत नाही ते ताटात आलं तर कळणार कसं. मी बरीच वर्षं अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काढली आहेत, त्यामुळे जे मला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते.

ताई, नमस्कार. मे महिन्यात पाच किलो शेंगदाणे भरून ठेवले होते. परवा डबा उघडला तर तळाचे दाणे हिरवट-काळे, हाताला पूड लागली आणि कोंदट वास. सासूबाई म्हणतात, निवड, ऊन दे, खरपूस भाज आणि कूट करून टाक, आम्ही जन्मभर हेच केलं. टाकून द्यायला जिवावर येतं, पण घरात चार वर्षांची मुलगी आहे. काय करू? — एक वाचक, नाशिक

सासूबाईंचं अर्धं एकदम बरोबर आहे आणि अर्धं चुकतंय. निवडणं आणि वाळवणं बरोबर, भाजलं की झालं हे चूक.

शेंगदाण्यावर जी हिरवट पिवळी बुरशी येते ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची असते. ती स्वतः भाजल्यावर मरते, त्यात शंका नाही. पण जिवंत असताना तिने दाण्यात जे विष सोडलेलं असतं ते तिच्याबरोबर मरत नाही. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते पूर्ण मोडायला अडीचशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर उष्णता लागते, कढईतले दाणे तेवढे तापवले तर कोळसाच होईल. आपण भाजतो त्यात ते थोडंफार कमी होतं, जात मात्र नाही, आणि कुकरच्या शिट्ट्यांनीही जात नाही. वर त्याला ना चव ना वास. तुम्हाला कोंदट वास आला तो बुरशीचा, विषाचा नाही. जुन्या दाण्याला जो खवट वास येतो तो तर तिसराच प्रकार, ते तेल खराब झालेलं असतं, त्याचा या विषाशी संबंध नाही. म्हणजे खवट दाण्यात विष असेलच असं नाही आणि विष असलेला दाणा खवट लागेलच असंही नाही.

हे विष सापडलं कसं ते ऐका, म्हणजे मी एवढं का सांगतेय ते कळेल. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरायला लागली, काही महिन्यांत एक लाखाहून जास्त गेली. जंतू सापडेना, व्हायरस सापडेना, म्हणून रोगाचं नावच टर्की एक्स ठेवलं. शेवटी धागा लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. पेंडीवर ही बुरशी होती आणि तिच्याच नावातली अक्षरं घेऊन अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं. आमच्या लॅबमध्ये सुरुवातीला याची तपासणी काचेच्या पट्टीवर करायचो, दाण्याचा अर्क एका टोकाला टिपक्यासारखा लावायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, मग अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायची. विष असेल तर निळा ठिपका उजळतो, काही प्रकारांत हिरवा. बी वन, बी टू, जी वन, जी टू ही नावं त्या ब्लू आणि ग्रीनवरूनच पडलीत. पहिल्यांदा तो निळा ठिपका बघितला तेव्हा मी हातातले दाणे परत परत बघत होते, कारण त्यातले कितीतरी दाणे वरून अगदी बरे दिसत होते.

आणि हे फक्त कोंबड्या-टर्कीपुरतं राहिलं नाही. १९७४ च्या शेवटी गुजरातचा पंचमहाल आणि त्याला लागून असलेला राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागात गावोगावी माणसांना कावीळ व्हायला लागली, पोटात पाणी भरायचं, आणि गंमत नाही, त्याच घरातली कुत्रीही तशीच आजारी पडून मरत होती. साधी साथीची कावीळ असती तर कुत्र्यांना झाली नसती, तिथे डॉक्टरांना शंका आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी घरातला मका तपासला. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, कणसं भिजली, तशीच घरात भरली गेली, आणि घरात दुसरं खायला नव्हतं म्हणून रोज त्याच मक्याची भाकरी. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यातली १०६ माणसं गेली. त्या मक्यात एका किलोला सहा ते पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास विष निघालं. आज आपल्या कायद्यात धान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या मक्यात मर्यादेच्या शेकडो पट होतं. त्या लोकांना बुरशी दिसत नव्हती असं नाही हो, उपाशी राहण्यापेक्षा तेच खाणं भाग होतं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तुमच्या डब्यात तसलं काही असेल असं मी म्हणत नाही. एखाद्या वेळी दोन चार खराब दाणे पोटात गेले तर घाबरून जाऊ नका. प्रश्न रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं जाण्याचा आहे, कारण हे यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने याला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे संशय वगैरे नाही, पक्कं.

आता तुमचे पाच किलो. हाताला पूड लागते म्हणजे बुरशी पसरली आहे, वास वरपर्यंत आलाय, घरात लहान मूल आहे. टाका. मला कळतंय जिवावर येतं, पण टाका, आणि कोंबड्यांना किंवा गोठ्यातही देऊ नका, कारण ही गोष्ट सुरूच तिथून झाली होती. टाकताना नाकाला फडकं बांधा, तो डबा गरम पाण्याने घासून कडक उन्हात दोन दिवस उघडा ठेवा.

पुढच्या वेळी मात्र सासूबाईंचं निवडणं सोडू नका. एका पोत्यात विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, ते थोड्याशा दाण्यांत कोंबलेलं असतं. शंभर दाणे स्वच्छ असतात आणि एका दाण्यात इतकं असतं की सगळ्या कुटाचा रिपोर्ट बिघडतो. आमच्याकडे एकदा एकाच पोत्यातले दोन नमुने आले होते, वरच्या मुठीत काहीच नाही आणि खालच्या ओल्या कोपऱ्यातल्या मुठीत पट्टी निळी झाली. म्हणून सुरकुतलेले, बारके, रंग उडालेले, किडे लागलेले, साल फाटलेले दाणे सुपात घेऊन वेगळे काढायचे. अधूनमधून एक दाणा दोन फाकांत उघडून बघा, बाहेरून गुलाबी दिसणाऱ्या दाण्याच्या आतल्या पोकळीत कधी कधी करडी हिरवी लव बसलेली असते. आणि तोंडात एखादा दाणा कडू लागला (ती चव विषाची नसते, बिघडलेल्या दाण्याची असते) तर लाजू नका, थुंकून टाका, तसं मुलीलाही शिकवा.

हे मी आजीबाईच्या बटव्यातलं सांगत नाहीये. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात वीस गावांत हा प्रयोग झाला होता, २००५ साली त्याचे निकाल छापून आले. दहा गावांत लोकांना एवढंच शिकवलं की शेंगा जमिनीवर न टाकता चटईवर वाळवा, खराब शेंगा हाताने वेचून काढा, प्लास्टिकऐवजी तागाच्या पोत्यात भरा, पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि किड्यांसाठी औषध वापरा. बाकी दहा गावं होती तशीच ठेवली. पाच महिन्यांनी माणसांच्या रक्तात या विषाची खूण तपासली, तर शिकवलेल्या गावांत ती निम्म्याहून कमी निघाली. कुठलं मशीन नाही, महाग काही नाही. मला हा प्रयोग फार आवडतो कारण त्यात जे केलं ते आपल्याकडच्या बायका अंगणात बसून पिढ्यानपिढ्या करत आल्यात आणि आपणच आता पॅकबंद कूट आणतो म्हणून ते सुटत चाललंय.

पाच किलो एकदम भरू नका, पावसाळ्यात दोन किलो पुरे. आणल्यावर दोन कडक उन्हं द्या, दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे, मऊ लागला तर अजून पाणी आहे. मग पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात, गरम गरम भरले तर झाकणाला पाणी सुटतं आणि तिथूनच पुन्हा सगळं सुरू होतं. कूट आठवड्यापुरतं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

मी आणि माझ्या भावाने गेल्या वर्षी लाकडी घाणा टाकलाय. कस्टमर विचारतात, रिफाइंडपेक्षा तुमचं तेल शुद्ध ना? आम्ही हो म्हणतो. पण एका कस्टमरने अफ्लाटॉक्सिनचं विचारलं आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. — दोघे भाऊ, इचलकरंजी

तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं. दाण्यांचं तेल काढताना हे विष बरंचसं पेंडीत राहतं आणि थोडं तेलात उतरतं. रिफाइंड तेलात पुढे जी अल्कलीची आणि मातीने गाळायची प्रक्रिया होते त्यात ते जवळजवळ सगळं निघून जातं. घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होत नाही, तुम्ही फक्त निवळून गाळता, त्यामुळे दाण्यात जे असेल त्यातलं काही तेलात येणारच. याचा अर्थ घाण्याचं तेल वाईट असा नाही. त्याची चव आणि वास मलाही आवडतो. पण रिफाइंडवाल्याला एक वेळ खराब दाणा चालून जातो, तुम्हाला चालत नाही, एवढा फरक आहे. हलका भाव बघून फुटका, बारीक, काळपट माल घेतला तर तो तेलात उतरला म्हणून समजा. माल आल्यावर निवडून घ्या, ओला असेल तर परत पाठवा, दाण्यात ओलावा सात टक्क्यांच्या आसपासच हवा, त्यासाठी हातात धरायचं छोटं मीटर मिळतं ते घेऊन ठेवा. आणि वर्षातून दोन तीनदा तेल मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून घ्या आणि तो रिपोर्ट दुकानात लावा. त्या कस्टमरला उत्तर म्हणून तो कागदच दाखवता येईल.

पेंड कुणाला विकता तेही बघा, पुढचं पत्र वाचलंत की का म्हणतेय ते कळेल.

मॅडम, माझ्याकडे बारा गायी आहेत. डेअरीवाल्यांनी मागच्या महिन्यात सांगितलं की दुधात अफ्लाटॉक्सिन एम वन जास्त येतंय, पेंड बदला नाहीतर दूध घेणार नाही. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) चांगलं लागतंय, दुधात पाण्याचा थेंब नाही, मग आमचं काय चुकलं? — एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका

दादा, तुमच्या प्रामाणिकपणात काही चूक नाही, हे आधी सांगते, कारण पत्रात तुम्हाला ते लागलेलं दिसतंय. ही भेसळ नाही. गाय बुरशी लागलेली पेंड किंवा मका खाते, तिच्या यकृतात बी वन या विषाचं रूप बदलतं आणि एम वन म्हणून दुधात येतं, एम म्हणजे मिल्क. खाल्लेल्यातलं साधारण एक ते तीन टक्के दुधात उतरतं, जास्त दूध देणाऱ्या गायीत त्याहूनही थोडं जास्त. आणि ते फार पटकन होतं, आज सकाळी खराब पेंड खाल्ली तर उद्याच्या धारेत एम वन सापडतं. चांगली बाजू अशी की पेंड बदलली की तीन चार दिवसांत दूध पुन्हा खाली येतं, म्हणून डेअरीचं ऐकून लगेच खाद्य बदलून बघा, आठवडाभरात फरक दिसायला हवा.

शोधायचं कुठे? सरकी पेंड पहिली, मक्याचा भरडा दुसरा, शेंगदाणा पेंड असेल तर ती. परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्त मिळतो म्हणून भरडून पशुखाद्याच्या गोळीत जातो, याकडे लक्ष ठेवा. पेंडीचं पोतं भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवलंय का बघा, खालून ओल धरते. पोतं फोडल्यावर गठ्ठे निघाले, आत हिरवट जाळी असली तर ते पोतं गोठ्यात नेऊच नका. मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगेला भोक पडलं असेल तर त्या भोकाच्या आजूबाजूचा काळा पांढरा भाग वेगळा काढून फेका, तो मिसळून टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून टॉक्सिन बाइंडर देता येतं, ती मातीसारखी पावडर असते, विषाला पोटात धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. त्याने मदत होते, पण खराब पेंड चालवायला ते औषध नाही.

दूध उकळून एम वन जात नाही. पनीर केलं तर तो प्रथिनाला चिकटून पनीरमध्ये जास्त जमतो, खवा आटवला की किलोमागे वाढतो, तुपात मात्र फारच कमी येतो. त्यामुळे डेअरीने परत केलेलं दूध आटवून विकू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

तुम्ही एकटे नाही आहात यात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या ११०३ शहरांतून ६४३२ दुधाचे नमुने तपासले होते. सगळे पाणी, युरिया, डिटर्जंटकडे डोळे लावून बसले होते आणि भेसळीने खाण्यालायक नसलेले नमुने निघाले फक्त १२, पण एम वन मर्यादेच्या वर असलेले निघाले ३६८, आणि कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त. आपली मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. माझं स्पष्ट मत आहे की याचा सगळा बोजा गोठ्यावर टाकणं अन्याय आहे. पेंड बनवणाऱ्याने प्रत्येक लॉट तपासून द्यायला हवा, पशुखाद्यासाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, मानक आहेच, तेव्हा तुम्ही आणि गावातले दहा जण मिळून पेंडवाल्याकडे लॉटचा रिपोर्ट मागा. एकट्याने मागितला तर कुणी देत नाही, दहा जणांनी मिळून मागितला तर द्यावा लागतो.

ताई, मी गेली सहा वर्षं म्युनिकला आहे. इथे वाचलं की युरोपात शेंगदाण्याला ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि भारतात १०-१५ ची. म्हणजे घरचे लोक आपल्याहून तिप्पट विष खातात का? आईबाबांची काळजी वाटते. — एक वाचक, जर्मनी

आकडा बरोबर वाचलात. मर्यादा जास्त आहे म्हणजे लोक तेवढं खातातच असं नाही, पण आपल्याकडे उष्ण दमट हवा, शेंग फुगायच्या वेळी पडणारा कोरडा ताण आणि काढणीला येणारा पाऊस, हे तिन्ही एकत्र येतात, त्यामुळे धोका युरोपापेक्षा जास्त हे खरंच आहे.

तुमच्या काळजीला एक दुसरं उत्तर आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. शांघायमध्ये १८,२४४ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनची खूण होती त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका साधारण तिप्पट निघाला, ज्यांना हिपॅटायटिस बी होता त्यांना साधारण सातपट, आणि ज्यांना दोन्ही होतं त्यांना जवळजवळ साठपट. तीन आणि सात मिळून दहा झाले नाहीत, साठ झाले. म्हणून बुरशीच्या विषावरचा एक मोठा उपाय स्वयंपाकघरात नाही, तो लसीत आहे. आईबाबांना एकदा हिपॅटायटिस बी ची रक्त तपासणी करून घ्यायला सांगा, लागण नसेल तर डॉक्टरांना विचारून लस घेता येते. लहान मुलांना आपल्याकडे सरकारी लसीकरणातच ती मिळते, पहिला डोस जन्मल्यावर चोवीस तासांत, तो चुकवू नका असं तुमच्या नात्यात नवं बाळ येईल तेव्हा जरूर सांगा.

शेतातच बुरशी रोखायचं कामही चाललंय. याच बुरशीचे काही भाऊबंद असे असतात की ते विष बनवतच नाहीत. ते शोधून, ज्वारीच्या दाण्यांवर लावून, फुलोऱ्याच्या आधी शेतात फेकायचे, मग ते जागा धरून बसतात आणि विषारी बुरशीला शिरकाव मिळत नाही. अमेरिकेत कापूस आणि मक्यावर हे केलं गेलं आणि नायजेरियाच्या इबादानमधल्या संस्थेने ते आफ्रिकेतल्या मका-भुईमुगासाठी तयार केलं. आपल्याकडे हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत भुईमुगाच्या अफ्लाटॉक्सिनवर खूप वर्षं काम झालंय, त्यांनी स्वस्त तपासणी किट बनवलं आणि त्याच्या मदतीने आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या शेतकरी संघटनेला युरोपात पुन्हा शेंगदाणा विकता आला.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. रोज रात्री हळद-दूध देते. जावई म्हणतात हळदीत शिसं असतं, बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ग्लासातल्या पाण्याची टेस्ट केली, हळद खाली बसली, म्हणजे चांगली ना? — एक आजी होणारी वाचक, पुणे

आधी अभिनंदन. आणि जावयांवर रागावू नका, ते उगाच बोलत नाहीत.

बांगलादेशात खेड्यातल्या गर्भवती बायकांच्या रक्तात शिसं जास्त का निघतंय याचा शोध ढाक्याच्या आयसीडीडीआरबी संस्थेने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मिळून घेतला. ना कारखाना जवळ, ना रस्त्याची धूळ. मग शेतातली औषधं, डबाबंद खाण्याचे डबे, माती, सगळं एकेक करून तपासलं. प्रत्येक ठिकाणच्या शिशाची अणूंच्या पातळीवर एक ओळख असते, बोटाच्या ठशासारखी, ती बायकांच्या रक्तातल्या शिशाशी जुळवून बघितली आणि ती जुळली हळदीशी. २०१९ मध्ये हे छापून आलं. हळद पिकवणाऱ्या ज्या नऊ जिल्ह्यांत त्यांनी पाहणी केली त्यातल्या सातांत लेड क्रोमेट घातल्याचे पुरावे मिळाले. लेड क्रोमेट म्हणजे रंगात वापरतात तो पिवळाजर्द रंग, तिथे त्याला पिउरी म्हणतात. याची सुरुवातही मन हलवणारी आहे, १९८० च्या दशकातल्या पुरात हळद भिजली, सालावर काळपटपणा आला, गिऱ्हाईक घेईना, मग पॉलिश करताना मुठीभर रंग टाकला की हळकुंड सोन्यासारखं दिसायचं. पुढे पूर ओसरला, सवय राहिली. ज्यांनी हळद उकळून, वाळवून, ड्रममध्ये पॉलिश करताना बघितली आहे, सांगली-हिंगोलीकडच्या माणसांना हे लगेच समजेल, बाजारात हळकुंडाचा भाव त्याच्या रंगावर ठरतो. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीतली पेवं २००५ च्या महापुरात गेली तेव्हा तिथेही भिजलेल्या हळदीचं काय करायचं हा प्रश्न पडलाच होता.

पण पुढचं ऐका. बांगलादेशच्या सरकारने ते मनावर घेतलं, घाऊक बाजारात हातात धरायचं एक्स-रे यंत्र घेऊन धाड टाकली, व्यापाऱ्यांना तिथल्या तिथे दंड केला, टीव्हीवर दाखवलं, नोटिसा वाटल्या. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळदीच्या गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही कमी झालं. दोन वर्षांत! हे मी जिथे जाते तिथे सांगते.

आपल्याकडे काय? २०२४ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतली हळद तपासली होती. बऱ्याच ठिकाणची ठीक निघाली, पण पाटण्याच्या एका नमुन्यात ग्रॅममागे दोन हजार मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं, आपली मर्यादा १० आहे. गुवाहाटी, चेन्नईतही मर्यादेच्या वरचे नमुने होते. सुटी, पॉलिश केलेली हळकुंडं जास्त वाईट होती, पॅकबंद ब्रँडेड पावडर त्या मानाने बरी.

ग्लासातली टेस्ट काही रंगांसाठी उपयोगी आहे, हळकुंड पाण्यात टाकल्यावर लगेच पिवळा रंग सुटला तर संशय घ्यावा, पण पावडर खाली बसली म्हणजे शिसं नाही असं मुळीच नाही. शिसं यंत्रावरच कळतं.

हळद-दूध बंद करायची गरज नाही, हळद बदला. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेलं, मळकट दिसणारं, मोडल्यावर आतून केशरी निघणारं हळकुंड घ्या आणि घरी दळा, नाहीतर नावाजलेली पॅकबंद पावडर घ्या. अर्ध्या चमच्याहून जास्त घालू नका. शिशाची सुरक्षित पातळी नसते, आणि आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत जातं, म्हणून मनात धाकधूक असेल तर डॉक्टरांना सांगून मुलीची एकदा ब्लड लेड तपासणी करून घ्या, एका सॅम्पलचं काम आहे. तिच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकू देऊ नका, शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. आणि बारशाला देव्हाऱ्यातला शेंदूर बाळाच्या कपाळाला लावायचा मोह होईल, तो लावू नका, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड असतं आणि बाळाचा हात कपाळावरून थेट तोंडात जातो.

लाल मिरच्या देठासकट घ्याव्यात की देठ काढलेल्या? मसाल्याला दहा किलो घ्यायच्यात. — एक वाचक, कराड

देठासकट. देठ तुटलेल्या जागेतून ओल आणि बुरशी आत जाते, शेंगदाण्यावरचीच ती बुरशी मिरचीलाही लागते. वाजणाऱ्या मिरच्या घ्या, मुठीत दाबल्यावर खुळखुळ बी वाजलं पाहिजे. फिक्या पांढुरक्या पडलेल्या बाजूला काढा, दहातली एखादी मधून चिरून बघा, आत राखाडी कापसासारखं दिसलं तर ते पोतं घेऊ नका. घरी आणल्यावर देठ काढा, त्याच दिवशी उन्हात टाका, आणि डंकावर न्यायच्या सकाळी पुन्हा एकदा ऊन द्या.